तुलनेचा तारा

३ मार्च, सोमवार

माझ्या मार्गदर्शक मॅडम म्हणाल्या, शंका फळ्यावर लिहू नकोस, फळा सगळे वाचतात, वहीत लिही. म्हणून ही वही. बाबांना काल नुसतं बोलले आणि आज संध्याकाळी ते घेऊनही आले. कापडी पुठ्ठा, जाड पानं, शिवण पक्की. दुकानदाराशी हुज्जत घालून आले होते. म्हणाले, "निळी मागितली होती, काळी दिली गाढवाने. चालेल ना?"

वही निळीच आहे. गडद निळी. रंगखान्यात तीस वर्षं कापडाची शेड जुळवणारा माणूस अशी थट्टा करतो तेव्हा हसावं की नाही ते कळत नाही. मी हसले. ते हसले नाहीत, नुसते माझ्याकडे बघत राहिले. आईने मध्येच चहाचं विचारलं.

आई परवा पुन्हा विचारत होती, मी दिवसभर नेमकं करते काय. नीट सांगता आलं नाही. घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नाही, त्यामुळे सांगण्याची जबाबदारी माझीच. इथे सराव करते.

खूप लांब एक दीर्घिका आहे. तिच्या मधोमध एक अवाढव्य कृष्णविवर आहे आणि ते भोवतालचा वायू गिळतं. गिळला जाताना वायू इतका तापतो की अख्खी दीर्घिका त्या उजेडात दिसेनाशी होते. याला क्वेसार म्हणतात. हा उजेड कमी-जास्त होत असतो. डोंगरावरची दुर्बीण दर आठवड्याला तो एका बारीक फटीतून आत घेते, त्याचे रंग वेगळे करून पसरवते, आणि पसरलेली ती पट्टी, म्हणजे वर्णपट, सकाळी माझ्या संगणकावर येते. आता हवेत कधी धूळ असते, कधी पातळ ढग. म्हणून फट अशी वळवतात की शेजारचा एक साधा तारा पण तिच्यात यावा. ढग आला तर दोघांवर येतो. क्वेसारच्या उजेडाला ताऱ्याच्या उजेडाने भागलं की ढग निघून जातो. हा तुलनेचा तारा मॅडमनी नऊ वर्षांपूर्वी निवडला. तो जागचा हलत नाही, म्हणजे बदलत नाही, म्हणून आमच्या खोलीत सगळे त्याला 'खांब' म्हणतात. माझ्या क्वेसारला नाव नाही. यादीत सतरावा, म्हणून सतरा.

हे सगळं आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "म्हणजे तू भागाकार करतेस."

हो म्हटलं.

"मग त्याला सतरा वर्षं शिकावं कशाला लागलं?"

७ मार्च, शुक्रवार

सतरा विझतोय.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यापासूनचे सगळे वर्णपट एकाखाली एक लावले. उजेड सोळा टक्क्यांनी उतरलाय. शिवाय कृष्णविवराजवळ गरगरणाऱ्या हायड्रोजनमुळे वर्णपटात एक रुंद उंचवटा दिसतो, तोही सोळा टक्क्यांनी बसलाय. निळ्या बाजूला उतार जरा जास्त, लाल बाजूला जरा कमी. असं इतक्या भराभर क्वचित दिसतं.

धावतच मॅडमकडे गेले. त्या खुर्चीतून उठल्या. मॅडम कधी उठत नाहीत. त्यांच्या गुडघ्यांना ते मानवत नाही. त्यांनी तिथेच माझ्या वार्षिक परीक्षणासाठी विषयाचं नाव पाठवून दिलं: 'विझू लागलेला क्वेसार'. परीक्षण बावीस एप्रिलला. तीन परीक्षक बसतात आणि माझी संशोधक म्हणून नोंदणी कायम करायची की नाही ते ठरवतात. कायम झाली तर पुढची चार वर्षं इथे. नाही झाली तर काय, हे मॅडमनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

घरी सांगितलं. बाबांनी उद्या रंगखान्यात सांगणार म्हणून आजच सदरा काढून ठेवला.

८ मार्च, शनिवार

रंगखान्यात मुकादमाने विचारलं म्हणे, सूर्याचं पण काही कळलं तर आधी सांगा, कपडे वाळत घालायचे आहेत.

१२ मार्च, बुधवार

काहीतरी चुकतंय आणि ते काय ते मला कळत नाही.

वर्णपटात ऑक्सिजनची एक अरुंद रेष असते. ती मोजायची राहिली होती. खरं तर ती आधी मोजायची असते. आनंदात राहून गेली. आज मोजली. तीही सोळा टक्क्यांनी उतरलीय.

हे होऊच शकत नाही. हा ऑक्सिजन कृष्णविवराजवळ नाही. तो बाहेर, हजारो प्रकाशवर्षांच्या पसाऱ्यात विखुरलाय. गावभर लोकांनी दिवे लावलेत आणि सगळ्यांनी एकदम वात उतरवायची, तर आधी निरोप पोचायला हवा. इथे निरोप पोचायलाच हजारो वर्षं लागतात. दहा आठवड्यांत सगळ्यांना एकदम कसं कळलं?

चार वेळा मोजली. चारही वेळा सोळा.

१८ मार्च, मंगळवार

सहा दिवसांत काय काय तपासलं ते लिहून ठेवते, नाहीतर तेच तेच पुन्हा तपासत बसेन. माझा प्रोग्रॅम: ओळ न् ओळ वाचली, एक जुनी चूक सापडली, ती दुरुस्त केल्यावर उत्तर सोळाच. फटीची रुंदी: नेहमीचीच. रंग पसरवणारी जाळी: तीच. चंद्राचा उजेड वजा करताना घोळ झाला का: नाही. क्वेसार फटीच्या काठाला लागून अर्धा बाहेर राहिला का: एकदा राहिला असता, दहा वेळा कसा राहील?

शेजारच्या टेबलावर वकील बसतो. तो माझ्याहून चार वर्षांनी पुढे आहे, दोन महिन्यांत त्याचा प्रबंध जाणार. कुठल्याही गोष्टीवर दोन्ही बाजूंनी वाद घालतो म्हणून हे नाव. त्याला आलेख दाखवला. म्हणाला, अशक्य गोष्ट सापडली की दोनच शक्यता, पारितोषिक नाहीतर चूक, आणि आपल्या मजल्यावर पारितोषिकं येत नाहीत. मग उलट बाजू घेतली: ऑक्सिजनची रेष आलेखात टाकायलाच हवी असं कुठे लिहिलंय? परीक्षक दोन रेघा बघतात, तिसरी मागत नाहीत.

दुपारी मॅडमनी विचारलं, ऑक्सिजन मोजलास का. मी म्हणाले, "मोजतेय."

चोराच्या मनात चांदणं म्हणतात. मी चांदणंच मोजते, तेव्हा दुप्पट भीती.

खोटं का बोलले? मला भीती मॅडमची नव्हती. पण त्या त्या दिवशी उठून उभ्या राहिल्या होत्या ना.

२३ मार्च, रविवार

आज वर्णपट नाही, घरचंच लिहिते. डोकं शांत करायला.

गेले काही दिवस आमच्या घरात उजेड कमी वाटतो म्हणतात बाबा. बाहेरच्या खोलीतला दिवा पिवळा पडलाय, पेपर वाचता येत नाही. आज मी नवीन आणला, सगळ्यात पांढरा. स्टुलावर चढून लावला. बाबा म्हणाले, हाही पिवळाच, हल्ली दिवेच धड करत नाहीत. मला तर पांढरा फटक वाटला. उद्या बदलून आणेन.

रंगखान्यातून चार लॉट परत आलेत. मोठ्या गिऱ्हाइकाचं निळं कापड, नमुन्याशी जुळत नाही म्हणे. बाबांच्या हातचा लॉट परत आल्याचं मला आठवतच नाही. लहानपणी ते मला दोन पांढऱ्या चिंध्या दाखवून विचारायचे, यातली कुठली पांढरी? दोन्ही पांढऱ्याच असायच्या. ते हसून सांगायचे, एक निळ्याकडे झुकते, एक लालकडे. मी खगोलशास्त्राकडे वळले ते बहुतेक त्या चिंध्यांमुळे. बाबांची नजर म्हणजे नजर. बाबा म्हणतात, गिऱ्हाईकच नवं आहे, आणि हल्लीच्या निळ्या रंगांत पहिल्यासारखा जीव राहिला नाही. कंपन्या भेसळ करतात. मला हे पटतं.

बाबांची नमुन्यांची पेटी रोज त्यांच्याबरोबर घरी येते. पत्र्याची, आत पुठ्ठ्यांवर चिकटवलेल्या कापडाच्या पट्ट्या. दुपारी ते झोपले तेव्हा आई ती उघडून बसली होती. प्रत्येक पट्टीच्या कोपऱ्यात सुई-दोऱ्याने गाठी मारत होती. कुणाला एक, कुणाला दोन, कुणाला तीन. मला म्हणाली, "हा निळा की काळा ते सांग गं, मला नीट दिसत नाहीये." तिचा चष्मा तर दुकानदाराशी घासाघीस करून नवा केलाय गेल्याच महिन्यात. मी सांगितलं. तिने निळ्याला एक गाठ मारली. कशाला म्हणून विचारलं तर म्हणाली, कडा उसवतात.

कडा उसवल्या नव्हत्या. आईला हातात काहीतरी काम लागतंच.

२७ मार्च, गुरुवार

पुन्हा सोळा. या आठवड्याचा धरून सतरा. क्वेसार सतरा, उतार सतरा. हसू पण येत नाही.

२ एप्रिल, बुधवार

बाबांना शेड जुळवण्याच्या टेबलावरून काढून घडीच्या विभागात बसवलं. तीस वर्षांनंतर. मालक म्हणाले, जरा आराम करा. मला इतका संताप आला की जेवण गेलं नाही. म्हटलं, मी येऊन बोलते त्यांच्याशी, नमुना दुसऱ्या प्रयोगशाळेत तपासायला लावते. आई म्हणाली, "तू तुझं परीक्षण बघ." बाबा म्हणाले, घडीचं कामही कामच आहे, कापड तेच.

पण मग पानावरून उठताना त्यांनी एक गोष्ट सांगितली, ती मला झोपू देणार नाही. म्हणाले, "एखादा लॉट डावीकडे चुकला, दुसरा उजवीकडे, तर दोष हाताचा. सगळे एकाच बाजूला, एकाच मापाने चुकले, तर लॉटात शोधू नये. नमुना बघावा. खिडकीत राहून त्याचाच रंग उडालेला असतो. गिऱ्हाइकाच्या नमुन्याचं असंच झालंय, लिहून घे."

लिहून घेतलं.

३ एप्रिल, गुरुवार

काखेत कळसा आणि गावाला वळसा!

सगळं एकाच मापाने उतरलंय. उजेड, उंचवटा, आणि जी हलूच शकत नाही ती रेष. तीन वेगळ्या गोष्टी एकाच मापाने कशा उतरतील? न उतरता. सतरा उतरलाच नसेल. मी ज्याने भागते तो चढला असेल.

खांब.

लिहिलं आणि खोडावंसं वाटलं. नऊ वर्षं सगळे त्याने भागतात. मॅडमचे तीन विद्यार्थी त्यावर पदवी घेऊन गेले. वकिलाचा प्रबंध त्यावर उभा आहे. मी जेमतेम वर्षापूर्वी आलेली. माझ्या प्रोग्रॅममध्ये चूक असण्याची शक्यता कितीतरी जास्त आहे. आणि खांब खरंच बदलला असेल तर विझू लागलेला क्वेसार नाही, बावीस तारखेला माझ्याकडे काहीच नाही. मला खांब स्थिर असायला हवाय की हलायला हवाय? दोन्ही हवंय. दोन्हीची भीती वाटते.

तपासायचं कसं? खांबाला दुसऱ्या कशाने तरी भागायला हवं, आणि फटीत तर दोघंच येतात.

४ एप्रिल, शुक्रवार

डोंगरावर दुर्बीण चालवणारे काका दुपारी बाराला उठतात. सव्वाबाराला फोन केला. फट लावण्याआधी ते नेम धरायला त्या भागाचा एक साधा फोटो घेतात, हे मला माहीत होतं. ते फोटो कुणी वापरत नाही. विचारलं, पुसून टाकता का? काका म्हणाले, पुसा असा हुकूम आहे. मग म्हणाले, "पण माझा हात होत नाही. घरातल्या जुन्या चाव्यांसारखं आहे बघ. कुलूप कुठलं ते आठवत नाही, पण टाकवत नाही."

तीन वर्षांचे फोटो आहेत त्यांच्याकडे. प्रत्येकात खांबाच्या आसपास आणखी पाच तारे.

८ एप्रिल, मंगळवार

चार दिवस, एकशे बारा फोटो. खांबाला पाचही ताऱ्यांनी वेगवेगळं भागलं. मागच्या नोव्हेंबरपर्यंत सरळ रेघ, अगदी खांबासारखी. मग चढ. जानेवारीपासून मार्चच्या पहिल्या आठवड्यापर्यंत एकोणीस टक्के, आणि अजून चढतोय.

एकोणीसने वाढलेल्याने भागलं की सोळाने उतरल्यासारखं दिसतं. भागाकार आईलाही जमेल.

मग खांबाचा स्वतःचा वर्णपट उघडून बसले. मी रोज त्याने भागत होते आणि त्याच्याकडे एकदाही बघितलं नव्हतं. निळी बाजू लालपेक्षा जास्त वर आलीय. मोठा, म्हातारा तारा आहे. अशा ताऱ्यांवर मोठाले काळसर, थंड डाग असतात, ते कधी वर्षानुवर्षं टिकतात, कधी विरतात. बहुतेक विरताहेत. म्हणजे तो उजळतोय. चांगलं होतंय त्याचं. आणि माझं?

९ एप्रिल, बुधवार

कोणाला सांगितलं नाही. वकिलाने विचारलं, चेहरा असा का. म्हटलं, झोप नाही.

सकाळी वाटलं, सांगून टाकावं. अकराला वाटलं, परीक्षण होऊ दे, मग सांगावं. नोंदणी कायम झाल्यावर आपणच सुधारणा केली म्हणता येईल. जेवताना वाटलं, हे तर सरळ सरळ खोटं. तीनला वाटलं, खोटं कसं? ऑक्सिजनबद्दल कुणी विचारलं तरच ना? मॅडमनी विचारलंच होतं. पाचला काहीच वाटेनासं झालं.

घरी गेले तर बाबा दारात बसून रुमालाच्या घड्या घालत होते. आमचेच रुमाल. सराव करतात म्हणे. कडेला कड इतकी जुळलेली की मधून नख जाणार नाही. बोटांनी चाचपून जुळवत होते, बघत नव्हते. त्यांना बघण्याची गरजच लागत नाही, इतका सराईत हात.

मला का रडू आलं कळलं नाही.

१० एप्रिल, गुरुवार

सांगितलं.

आधी वकिलाला, कारण प्रबंध त्याचा. तो पंधरा मिनिटं आलेखाकडे बघत राहिला. मी ओळखते तेव्हापासून पहिल्यांदाच त्याने दुसरी बाजू मांडली नाही. मग म्हणाला, नोव्हेंबरनंतरचं सगळं पुन्हा करावं लागणार, तीन-चार महिने. मी माफी मागितली. "तू का मागतेस? ताऱ्याला मागू दे." आणि बाहेर निघून गेला. परत आला तो दोघांसाठी चहा घेऊन.

मग मॅडम. ऑक्सिजनपासून सुरुवात केली: मोजतेय म्हणाले तेव्हा मोजून झालं होतं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. एकशे बारा बिंदूंचा आलेख त्यांनी जवळ ओढला, लांब धरला, पुन्हा जवळ ओढला. रागावतील असं वाटलं. रागावल्या असत्या तर सोपं गेलं असतं.

म्हणाल्या, "हा तारा मी निवडला तेव्हा सात रात्री तपासला होता. सात. मला वाटलं सात पुरे." मग विचारलं, पाच तारे कुठले घेतलेस, आणि ते पाच बदलत नाहीत हे कशावरून?

याचं उत्तर माझ्याकडे होतं, त्यांना एकमेकांनी भागून पाहिलं होतं. पण प्रश्न डोक्यात राहिला. कशावरून हे कुठे थांबतं?

परीक्षण पुढे ढकलायचं नाही म्हणाल्या. विषयाचं नाव तेवढं बदललं.

२२ एप्रिल, मंगळवार

तीन परीक्षक. डाव्या बाजूचे दाढीवाले शेवटपर्यंत पेन उघडमिट करत होते. मी सांगितलं: क्वेसार विझत नाहीये. मला तो विझताना दिसला, कारण मी ज्याच्यावरून मोजत होते तो बदलत होता. ऑक्सिजनची रेष पहिल्याच दिवशी मोजली असती तर तेव्हाच कळलं असतं. हे वाक्य मॅडमनी काढायला सांगितलं होतं. मी ठेवलं.

दाढीवाल्यांनी विचारलं, "मग वर्षअखेर तुमच्या हातात उरलं काय?"

मी म्हणाले, "एक तारा, जो बदलतो. आणि एक क्वेसार, जो आहे तसा आहे."

कुणीतरी हसलं. मॅडम मागच्या रांगेतून म्हणाल्या की तारा त्यांनी निवडला होता, हे नोंदवून घ्यावं. त्या बोलताना पुन्हा उभ्या राहिल्या.

निकाल तासाभरात. नोंदणी कायम नाही. सहा महिन्यांनी पुन्हा परीक्षण, तोपर्यंत मॅडमच्या सगळ्या यादीतले तुलनेचे तारे नव्याने तपासायचे. नापास म्हणायचं, पास म्हणायचं की काय, वकिलालाही ठरवता आलं नाही. तो म्हणाला, जामीन.

घरी नुसतं सांगितलं, अजून सहा महिने. बाबा म्हणाले, रंग पक्का व्हायला वेळ लागतो. रंगखान्यात काय सांगणार ते त्यांनी सांगितलं नाही. मुकादम विचारणारच.

२७ एप्रिल, रविवार

आज घडलं ते घडलं तसं लिहिते. अर्थ नंतर.

जेवण झाल्यावर बाबांनी विचारलं, नेमकं काय चुकलं होतं ते सांग. मी पहिल्यापासून सांगितलं. ढग, भागाकार, खांब. त्यांच्याच वाक्यावरून मला सुचलं, तेही सांगितलं. म्हटलं, तुम्ही म्हणालात ना, सगळे एकाच मापाने चुकले तर नमुना बघावा. त्यांना आनंद होईल असं वाटलं होतं.

ते म्हणाले, "म्हणजे ज्याच्यावरून सगळे मोजत होते, तोच बदलला. आणि त्याला स्वतःला पत्ता नाही."

"ताऱ्याला कसा असेल, बाबा."

"तू पकडलास कसा?"

"पाच जणांसमोर उभा केला."

ते उठले. पत्र्याची पेटी आणून खिडकीत माझ्यापुढे ठेवली. ऊन लख्ख होतं. आई आतून आली आणि दारातच थांबली. बाबा म्हणाले, "पाच पट्ट्या काढ. कुठल्याही. मी सांगतो, तू लिही. आणि कोपरा तुझ्या मुठीत धर. गाठींना माझं बोट लागू देऊ नकोस."

आईने पदराने तोंड झाकलं. तिला वाटत होतं, गाठी कशासाठी आहेत ते बाबा कधी बोलून दाखवणार नाहीत. मला तर गाठी कशासाठी आहेत तेच त्या क्षणापर्यंत कळलं नव्हतं. मी त्या घरात राहते. मी स्टुलावर चढून दिवा बदलला होता.

कागद जवळ नव्हता, म्हणून याच वहीत लिहिलं.

पहिली. बाबा: तपकिरी. पट्टी: तपकिरी.
दुसरी. बाबा: काळी. पट्टी: गडद निळी.
तिसरी. बाबा: लाल, विटकरीकडे झुकणारी. पट्टी: लाल, विटकरीकडे झुकणारी.
चौथी. बाबा: राखाडी. पट्टी: फिकट निळी.
पाचवी. बाबा: हिरवी? पट्टी: निळी.

त्यांनी विचारलं, किती चुकले. तीन म्हटलं. कुठले कुठले? तिन्ही निळे.

मॅडम असत्या तर म्हणाल्या असत्या, पाच पुरेत हे कशावरून. बाबा खिडकीबाहेर बघत होते. मग त्यांनी अगदी हळू विचारलं, "म्हणजे निळा आहे तसाच आहे?"

"आहे तसाच आहे, बाबा."

"जीव आहे त्याच्यात?"

"आहे."

"बरं झालं," ते म्हणाले. "मला वाटत होतं, निळ्यालाच काहीतरी झालं."

आई येऊन पेटीतल्या पट्ट्या परत लावायला बसली. डोळ्यांच्या डॉक्टरांचं नाव तिच्याकडे फेब्रुवारीपासून लिहून ठेवलेलं होतं, डब्याच्या झाकणाच्या आत चिकटवून. उद्या सकाळी दहाला जायचं ठरलं. मीही जाणार. डोळ्यांत ढग असेल तर निघेल म्हणाले मी, आणि मग वाटलं, मला यातलं काय कळतं.

बाबांनी माझ्या हातातली वही घेतली. उन्हात धरली, उलटी केली, पुठ्ठ्यावरून अंगठा फिरवला. "आणि ही?"

"निळी. गडद."

त्यांनी वही मांडीवर ठेवली. उद्या डॉक्टरकडे जाताना वाटेत ते वह्यांचं दुकान लागतं. तिथे आधी थांबायचं आहे म्हणाले. त्या माणसाला गाढव म्हणालो होतो, त्याला सांगायला हवं.